कळंब्यातून सुटलेला भाऊ रोज कोर्टात जाऊन बसतो : त्याला थांबवावं की साथ द्यावी?

प्रश्न असा आहे : “माझा धाकटा भाऊ सहा वर्षं कळंबा जेलमध्ये कच्चा कैदी होता. दोन महिन्यांपूर्वी सेशन कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. आत जाण्याआधी तो शिरोलीला फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करायचा. आता कामाचं नावच काढत नाही. रोज सकाळी कसबा बावड्याच्या कोर्टात जाऊन बसतो, आतल्या ओळखीच्या पोरांच्या तारखा बघतो, त्यांच्या घरच्यांना फोन करतो. म्हणतो, मला धड वकील मिळायला दोन वर्षं लागली, त्यांना तरी लागू नयेत. आई रडते. मध्ये पोलीस घरी येऊन गेले. त्याला थांबवू की साथ देऊ?”

ताई, साथ द्या. फक्त कामांचा क्रम बदलायला लावा.

मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणातर्फे, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेतर्फे, कळंब्यातल्या बंद्यांच्या केसेस बरीच वर्षं चालवत आलोय. सुटून आल्यावर आतल्यांसाठी धडपडणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यापैकी जे टिकले त्यांची चूल आधी पेटलेली होती आणि स्वतःचे कागद जाग्यावर होते. पोटाची सोय न करता जे या कामात उतरले त्यांना कोर्टाच्या आवारातल्या मध्यस्थांनी अलगद उचललं. वर्षभरात ते पैसे घेऊन जामीनदार पुरवायला लागले, आणि त्यातले काही खोट्या कागदांच्या गुन्ह्यात पुन्हा आत गेले. तुमच्या भावाच्या मनात आज जे आहे ते फार मोलाचं आहे. ते वाया जाऊ नये म्हणून आधी त्याच्याविषयी बोलतो.

निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल घेतली आहे का? बहुतेकांनी घेतलेली नसते. सुटलो, संपलं, असं वाटतं. पण यापुढे पोलीस ठाण्यात, नोकरीच्या ठिकाणी, पासपोर्टला, सगळीकडे हा एकच कागद त्याच्या बाजूनं बोलणार आहे. नक्कल विभागात अर्ज करून दोन-तीन प्रती काढा आणि एक घरात नुसती जपून ठेवा. दुसरी गोष्ट, निर्दोष सुटताना त्याच्याकडून सहा महिन्यांसाठी जातमुचलका लिहून घेतला असणार. सरकारनं वरच्या कोर्टात अपील केलं तर हजर राहीन, असा त्याचा अर्थ. सरकारला अपिलासाठी साधारण ९० दिवसांची मुदत असते आणि उशीर माफ करून घेता येतो. म्हणून या काळात तो पुण्याला किंवा मुंबईला कामाला गेला तरी चालेल, पण बदललेला पत्ता वकिलाकडे आणि कोर्टात कळवलेला हवा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, कुणी घेत नाही, मग वॉरंट निघतं, आणि सुटलेला माणूस फरारी ठरतो. अपील झालंच तर आता मुंबईच्या वाऱ्या नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालू आहे. त्यासाठी या भागातल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी किती वर्षं झुंज दिली ते तुम्हाला माहीत आहेच.

मग आधार. सहा वर्षांत त्याचा जुना मोबाईल नंबर बंद पडून भलत्याच माणसाला गेला असेल. आधारला तोच जुना नंबर जोडलेला असल्यामुळे ओटीपी कुठंच येत नाही, आणि बँक, रेशन, कामाची नोंदणी सगळं अडतं. आधार केंद्रात त्यानं स्वतः जाऊन बोटांचे ठसे देऊन नवीन नंबर जोडावा. हे काम पहिल्या आठवड्यातच उरका. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं, केवायसी दिली की ते पुन्हा सुरू होतं. रेशन कार्डावरून नाव कमी झालंय का, मतदार यादीत आहे का, तेही बघा. जेलमध्ये असताना कच्च्या कैद्यालाही मतदान करता येत नाही, पण सुटला की हा हक्क परत मिळतो. नाव गाळलं असेल तर नमुना ६ भरायचा. अटकेच्या वेळी त्याची मोटारसायकल किंवा मोबाईल जप्त झाला असेल तर मुद्देमालाचं काय करायचं ते निकालाच्या शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं. ते वाचा आणि वकिलाला परत मिळण्याचा अर्ज करायला सांगा. आणि आत काम केलं असेल तर त्याचं वेतन व खासगी खात्यावरची रक्कम पूर्ण मिळाली का, हे कारागृहाकडून लेखी विचारून घ्या.

पोलीस घरी आले म्हणून आई घाबरली, हे साहजिक आहे. निर्दोष सुटलेल्याचं नावही पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डवर राहतं आणि गणपती, निवडणूक जवळ आली की त्या यादीवरच्या सगळ्यांकडे चक्कर होते. कधी कधी चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेण्याची, नोटीस येते. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खाली निघते. घाबरून घर सोडू नका. तोंडी बोलावलं तर कशासाठी ते नम्रपणे विचारा. लेखी नोटीस आली तर वकिलाला घेऊन जा, निकालपत्राची प्रत जोडून लेखी उत्तर द्या आणि त्यावर पोच घ्या. एकदा असं उत्तर फाइलला लागलं की पुढच्या वेळी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. उलट, गप्प राहून कोऱ्या बाँडवर सह्या करत गेलेल्या माणसाची पुढं तडीपारीच्या प्रस्तावात तीच जुनी यादी पुरावा म्हणून लागलेली मी पाहिली आहे.

याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांवरची, गुन्हेगार समजून लावलेली रोजची हजेरी हुकूम काढून बंद केली. ज्यांना बाकी राज्यांत जन्मतःच चोर ठरवलं जायचं त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या आणि सोनतळीला आपल्या मुक्कामाजवळ आणून वसवलं. तो काळ इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा होता. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. कोल्हापूरकरानं हा इतिहास पाठ म्हणून दाखवायचा नसतो, आपल्या गल्लीत सुटून आलेला माणूस राहायला आला की तो वागण्यात दिसायला हवा. भावाच्या बाबतीत तुमच्या भावकीतल्या वडीलधाऱ्यांना हे मी सांगितलं असं खुशाल सांगा.

कामाचं बोलू. मोल्डरचं काम हाताला बसलेलं असतं, ते सहा वर्षांत जात नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर, कुठंही कुशल मोल्डरची गरज असतेच. अडचण येते ती चारित्र्य पडताळणीची. ठेकेदारामार्फत लागला तर कुणी विचारत नाही, पण मग पीएफ नाही, विमा नाही आणि कधीही बाहेर. माझा सल्ला असा, की जिथं तो आधी होता त्याच मालकाकडे किंवा त्याला ओळखणाऱ्या जुन्या सुपरवायझरकडे निकालपत्र घेऊन जा आणि सगळं स्वच्छ सांगा. फॉर्मवर “कधी अटक झाली होती का” असा रकाना असेल तर तिथं खरं लिहा : अमुक केस, अमुक तारखेला निर्दोष मुक्तता. अवतार सिंग यांच्या २०१६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोकरीच्या पडताळणीत माहिती लपवण्याचे परिणाम सविस्तर सांगितले आहेत. त्याचं सार एवढंच, की लपवलेली गोष्ट उघडी पडली तर त्याच कारणावरून नोकरी जाऊ शकते. आणि खरं लिहिल्यावर मालकानं केसचं स्वरूप व निकाल बघून ठरवायचं असतं.

पहिला माणूस मिळणं मात्र अवघड असतं. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, पण गावातलं कुणी चहाला येईना. मग महाराज स्वतः आपली गाडी तिथं थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. माणूस मोकळा झाला एवढ्यानं भागत नाही. ज्याला गाव मानतं अशा कुणीतरी चारचौघांत त्याच्या हातचा चहा प्यावा लागतो. तुमच्या पेठेत असा माणूस कोण? तालमीचा वस्ताद, मंडळाचे जुने अध्यक्ष, शाळेचे सर, दूध संस्थेचे सेक्रेटरी? त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा. भावाला पाठवू नका. त्यांनी एकदा त्याला घेऊन चौकात दहा मिनिटं उभं राहावं, एवढीच विनंती करा. यातून जे साधतं ते कुठल्याही दाखल्यानं साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

घरात एक सांभाळा. आत बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, त्यामुळं सुरुवातीला अनेकांना अंधारात झोप लागत नाही. दार वाजलं की दचकतात, जेवण पाच मिनिटांत उरकतात. त्यावरून टोकू नका. महिना-दोन महिन्यांनीही झोप येत नसेल तर सीपीआरच्या मानसोपचार विभागात दाखवा. लग्नाचा विषय वर्षभर काढू नका. हे आईला समजावणं तुमच्याकडे.

नुकसानभरपाईचं मला प्रत्येक कुटुंब विचारतं, म्हणून खरं तेच सांगतो. निर्दोष माणसाची वर्षं गेली तर सरकारनं अमुक रक्कम द्यावी, असा थेट कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तसा कायदा करा असं सांगितलं, तो झालेला नाही. निराधार अटक करवणाऱ्या माणसाकडून भरपाई देवविण्याची तरतूद आहे, तिची मर्यादा अजून एक हजार रुपये आहे. रिट याचिकेचा, म्हणजे मूलभूत हक्क डावलले म्हणून थेट वरच्या कोर्टात जाण्याचा, मार्ग आहे. रुदल साह यांना निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं बिहारमध्ये डांबून ठेवलं होतं, त्यांना १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकूण ३५ हजार रुपये दिले. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले. पण दोन्ही ठिकाणी यंत्रणेचा उघड अन्याय कोर्टापुढे आला होता. तुमच्या भावाच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी तपासावर कडक ताशेरे मारले असतील, खोटा पुरावा उभा केला असं लिहिलं असेल, तर उच्च न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला तो भाग दाखवा. तसं नसेल तर त्या आशेवर पैसे घालू नका.

आता त्याला जे करायचंय त्याकडे येतो.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला संपलेलाच नाही अशी. तुमचा भाऊ कालपर्यंत त्यांच्यातला एक होता. आम्ही वकील जेलमध्ये ठरावीक वेळेला जातो, समोर आणलेल्या बंद्याशी बोलतो. कोणत्या बराकीत कोण महिनोन् महिने गप्प बसलाय, कुणाला मुलाखतीला कोणीच येत नाही, कुणाला जामीन मिळालाय हेच माहीत नाही, ते आम्हाला कळत नाही. त्याला ते माहीत आहे. त्यानं यावरच काम करावं.

सगळ्यात आधी त्यानं जामीन मंजूर होऊनही आत बसलेली माणसं शोधावीत. आपल्या जिल्ह्यात असे बरेच असतात, कारण इथं बाहेरून आलेला कामकरी फार. बीडचा ऊसतोड मजूर, बिहार-ओडिशाकडचा फाउंड्री कामगार, इचलकरंजीत मागावर आलेला सोलापूरकडचा पोरगा. भांडणात नाव आलं, अटक झाली, कोर्टानं वीस-पंचवीस हजारांचा जामीन दिला आणि स्थानिक जामीनदार मागितला. त्या पोराला इथं ओळखणारा फक्त मुकादम, आणि मुकादमानं फोन बंद केलेला. मग जामिनाचा हुकूम फाइलला आणि माणूस आत. यावर सर्वोच्च न्यायालय १९७८ मध्येच बोललंय. मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून मॅजिस्ट्रेटनी तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार नाकारण्यावर कडक शब्दांत लिहिलं. पुढं ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात न्यायालयानं पद्धतच घालून दिली. जामीन झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जातमुचलका भरला गेला नाही तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, असंही त्यात आहे. शिवाय केंद्र सरकारच्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी मदतीची सोय आहे; २०२३ मध्ये ती अनुक्रमे ४० हजार आणि २५ हजारांपर्यंत होती. काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे वगळून ती मिळते आणि निर्णय जिल्हा समिती घेते. हे सगळं कागदावर आहे. ते चालतं तेव्हा, जेव्हा कुणीतरी विशिष्ट माणसाचं नाव घेऊन सचिवांच्या टेबलावर ठेवतं.

म्हणून भावाला एक वही घ्यायला सांगा. प्रत्येक माणसासाठी एक पान. नाव, गाव, घरच्यांचा फोन, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख, दोषारोपपत्र दाखल झाल्याची तारीख, केस नंबर आणि ई-कोर्ट वेबसाइटवरचा सीएनआर नंबर (केसचा ऑनलाइन ओळख क्रमांक), वकील कोण, जामीन झाला असेल तर हुकमाची तारीख आणि अटी. बस्स. मत नको, कुणी खरंच गुन्हा केला का याची चर्चा नको. त्या पानाची झेरॉक्स लोक अभिरक्षक कार्यालयात (आरोपींच्या बाजूनं मोफत केस लढवणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात) किंवा विधी सेवा प्राधिकरणात द्यावी आणि पोच घ्यावी. कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. नातेवाइकांना १५१०० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगितलं तरी चालतं.

अटकेची तारीख मी का मागतो? अटकेनंतर कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून ६० दिवसांत, आणि दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे, एका दिवसानं हुकला की गेला. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, किंवा इतर कुणी निम्मा काळ राहिला, तर त्याच्या सुटकेचा अर्ज अधीक्षकांनीच करायचा आहे. जुन्या केसेसनाही हे लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. खून किंवा जन्मठेप-फाशीच्या कलमांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर अडतं. पण चोरी, मारामारीच्या कलमांत अडकलेल्या पोरांसाठी वहीतली अटकेची तारीख आजच्या तारखेतून वजा करून कलमाच्या शिक्षेशी ताडली की उत्तर मिळतं. शिक्षा झालेल्यांबाबत एकच तपासायचं : अपील केलं का? निकालाची प्रत त्यांना मोफत मिळते, आणि अपील जेलमधून अधीक्षकांमार्फत पाठवता येतं. मुदत उलटली असली तरी उशीर माफीचा अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

काही गोष्टी त्यानं मुळीच करू नयेत. कुणाकडूनही पैसा घेऊ नये, चहा-पेट्रोलचासुद्धा. स्वतः कुणाचा जामीनदार होऊ नये. फिर्यादीला किंवा साक्षीदाराला फोन करू नये, “फक्त समजावतो” म्हणूनही नाही. त्याचा अर्थ साक्षीदाराला धमकावलं असाच लावला जाईल. आत निरोप, वस्तू पोचवायचं काम घेऊ नये. सध्या जे तो रोज कोर्टात जाऊन बसतो, ते आठवड्यातून एका दिवसावर आणावं. बाकीचे दिवस फाउंड्रीचे. तारखा मोबाईलवर दिसतात.

सहा-आठ महिने हे नीट झालं की त्याला विधी स्वयंसेवक होण्यासाठी अर्ज करू दे. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी यांच्याबरोबर जेलमधले दीर्घ शिक्षेचे, चांगल्या वर्तणुकीचे बंदीसुद्धा स्वयंसेवक होऊ शकतात. याशिवाय प्राधिकरणाला योग्य वाटेल अशा इतर कुणालाही घेता येतं, तुमच्या भावाचा अर्ज यातच बसेल. निवड झाली तर प्रशिक्षण, ओळखपत्र आणि कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. ओळखपत्र गळ्यात असलं की पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्याला उभं राहायला हक्काची जागा मिळेल. अर्जासोबत निकालपत्र आणि ती वही दोन्ही न्यावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आणि पुढं कायदा शिकावा असं वाटलं, तर तेही अशक्य नाही. बारावी झाली असेल तर मुक्त विद्यापीठातून पदवी, मग सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. शहाजी लॉ कॉलेज घरापासून फार लांब नाही. निर्दोष सुटलेल्याला वकिलीची सनद घ्यायला या केसमुळं कायद्यानं बंदी नाही, फक्त अर्जात ती नमूद करावी. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यावरची बंदीसुद्धा अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४-अ प्रमाणं सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. हे त्याच्या बराकीतल्या शिक्षा भोगणाऱ्या, शिकलेल्या पोरांनाही त्यानं कळवावं.